लिथियम घेणाऱ्याचं मीठ तोडू नका

मानसिक आजाराच्या गोळ्या गरम पडतात, म्हणून मीठ-मसाला कमी करायचा, असा समज बऱ्याच घरांत आहे. पण बायपोलर आजारावरचं लिथियम हे औषध घेणाऱ्या मुलाचं मीठ असं अचानक तोडणं धोक्याचं आहे.

बायपोलर आजारात कधी नैराश्याची, तर कधी अतिउत्साहाची फेरी येते. तो बहुधा पंधरा ते पंचवीस या वयात सुरू होतो, म्हणजे ऐन बारावी-कॉलेजात. पहिली फेरी अनेकदा नैराश्याची असते, त्यामुळे निदान लांबतं. पुढे मुलगा दोन-तीन तास झोपूनही दिवसभर उसळत राहतो, अखंड बोलतो, पैसे उधळतो, आणि घरचे अंगारे-उतारे करत बसतात. त्या काळात आजार बळावतो. 'ठाण्याला भरती करा' या टोमण्यानेही मुलं डॉक्टरांपासून लांब राहतात. प्रत्यक्षात १९०१ पासूनच्या ठाण्याच्या त्या मनोरुग्णालयात बाह्यरुग्ण विभाग आहे; तपासून, गोळ्या घेऊन घरी जाता येतं.

जॉन केड यांनी १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियात लिथियमचा उपयोग दाखवला. आजही ते या आजारातलं भरवशाचं औषध आहे; आत्महत्येचा धोकाही ते कमी करतं. पण मात्रेला जागा फार थोडी. रक्तातली पातळी साधारण ०.६ ते १.० मिलीइक्विव्हॅलंट प्रति लिटर हवी, १.५ च्या वर विषबाधेची भीती.

लिथियम आणि सोडियम आवर्तसारणीत एकाच गणात, दोघांवर एकेक धनभार. मूत्रपिंडात रक्त गाळलं जातं तेव्हा लिथियमही गाळून बाहेर पडतं. मग नलिकेच्या पहिल्या भागात सोडियम परत शोषलं जाताना त्याच्याबरोबर लिथियमही आत येतं. गाळलेल्यापैकी सुमारे ८० टक्के असं परततं. शरीरात पाणी-मीठ घटलं की मूत्रपिंड सोडियम अधिक नेटाने परत ओढतं आणि लिथियमही अधिक येतं. गोळी तीच, पातळी मात्र चढते. मे महिन्यात घोडबंदरच्या टर्फवर खेळून पाणी न पिणं, पावसाळ्यातले जुलाब, निर्जळी किंवा अळणी उपवास, सगळ्यांचा परिणाम हाच. उपवासाचं सैंधव चालतं, कारण तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. उलट एकदम खूप मीठ वाढवलं तर पातळी उतरते. म्हणून मीठ रोजचं, पाणी भरपूर.

अंगदुखीवर आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक परस्पर घेऊ नये. त्यांनी मूत्रपिंडाचा रक्तप्रवाह घटतो आणि लिथियम साचतं. तापाला पॅरासिटामॉल चालतं. केमिस्टला लिथियम चालू असल्याचं आधी सांगावं.

पातळीसाठी रक्त शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी द्यायचं: रात्री नऊला गोळी, तर सकाळी नऊला रक्त, सकाळची गोळी त्यानंतर. मात्रा बदलली की पाच-सात दिवस थांबून तपासायचं. लॅबवाल्याने लिथियम हेपॅरिन असलेली हिरव्या झाकणाची नळी वापरली, तर आकडा खोटाच वर जातो. हे जरूर विचारा. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी), थायरॉईड आणि कॅल्शियम दर सहा महिन्यांनी.

बोटांची बारीक थरथर बऱ्याच जणांना असते. हात जोरात थरथरणं, उलट्या-जुलाब, तोल जाणं, जीभ जड होणं यांपैकी काही दिसलं तर पुढची गोळी न देता त्याच दिवशी रुग्णालय गाठावं. एरवी गोळी चुकली तर दुप्पट घेऊ नये. बरं वाटतंय म्हणून एकदम बंदही करू नये, आजार उसळून येतो. थांबवायचीच तर डॉक्टर काही आठवड्यांत, महिन्यांत हळूहळू उतरवतात. रात्री-अपरात्री मन बिथरलं तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.