व्यक्ती–परिसर–व्यवसाय प्रारूप

व्यवसायोपचारात (ऑक्युपेशनल थेरपी; आजार किंवा अपंगत्व असूनही रोजची कामे जमावीत यासाठीचा उपचार) माणसाच्या रोजच्या कामांचा विचार करण्यासाठी वापरली जाणारी सैद्धांतिक चौकट. एखादे काम माणसाला जमते की नाही, हे त्याच्या एकट्याच्या शरीरावर किंवा बुद्धीवर ठरत नाही. शरीर व मन, ते काम ज्या जागी आणि ज्या माणसांत करायचे ती जागा, आणि खुद्द ते काम, या तिहींच्या जुळणीवर ठरते, असे ही चौकट मानते. मेरी लॉ व त्यांच्या पाच सहकाऱ्यांनी ती या नावाने १९९६ मध्ये कॅनडातील व्यवसायोपचारविषयक नियतकालिकात मांडली. यातील ‘व्यवसाय’ म्हणजे धंदा किंवा नोकरी नव्हे. अंघोळ, भाकरी थापणे, शाळेचा अभ्यास, खुरपणी, देवपूजा, पत्त्यांचा डाव अशी माणसाचा दिवस भरणारी आणि त्याला अर्थपूर्ण वाटणारी सर्व कामे त्यात येतात. मराठीत ‘कृती’ हा शब्द अधिक नेमका ठरला असता; परंतु ‘व्यवसायोपचार’ हे नाव रूढ झाल्याने येथे तोच शब्द ठेवला आहे.

या त्रयीचे मूळ नेमके कोठे शोधावे, याबद्दल एकमत नाही. अमेरिकेत मार्च १९१७ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील क्लिफ्टन स्प्रिंग्ज येथे या क्षेत्रातील पहिली राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. तिच्या संस्थापकांपैकी जॉर्ज बार्टन आणि टॉमस किडनर हे दोघे मूळचे वास्तुविशारद होते, यावरून जागेचा विचार या शास्त्रात आरंभापासूनच होता असे सुचवले जाते. हे अनुमान आकर्षक असले तरी त्यावर फार भार टाकता येत नाही, कारण त्या काळातील लेखनाचा भर प्रामुख्याने कामाच्या उपचारमूल्यावर आणि, मनोविकारतज्ज्ञ ॲडॉल्फ मायर यांच्या १९२२ मधील निबंधात दिसतो तसा, काम, खेळ, विश्रांती व झोप यांच्या तालावर आहे. वर्तन हे व्यक्ती आणि परिसर या दोहोंचे फल असते, हे मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांनी १९३६ मध्ये सूत्ररूपाने मांडले. पॉवेल लॉटन व ल्युसिल नाहेमो यांनी १९७३ मध्ये वार्धक्याच्या अभ्यासात माणसाची क्षमता आणि परिसराचा दाब, म्हणजे परिसर त्याच्याकडून करत असलेली मागणी, यांचा परस्परसंबंध दाखवला. क्षमता जितकी घटते तितका परिसराचा प्रभाव वाढतो, हा लॉटन यांचा विचार व्यवसायोपचाराला विशेष उपयोगी पडला. खुद्द व्यवसायोपचारात गॅरी कीलहॉफ्नर यांचे मानवी व्यवसायाचे प्रारूप १९८० पासून प्रसिद्ध होऊ लागले. चार्ल्स क्रिस्तियान्सन व कॅरोलिन बाउम यांचे प्रारूप १९९१ मध्ये ग्रंथरूपाने आले. विनी डन व सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये परिसराला मध्यवर्ती स्थान देणारी मांडणी केली. त्यामुळे १९९६ च्या लेखाला आद्य म्हणण्यापेक्षा, तोवर विखुरलेला विचार त्याने तीन वर्तुळांच्या सोप्या आकृतीत बांधला असे म्हणणे अधिक सयुक्तिक वाटते.

या आकृतीत तिन्ही वर्तुळे एकमेकांवर काही अंशी येतात आणि तिन्हींना सामाईक असलेला भाग म्हणजे प्रत्यक्ष कार्यनिष्पत्ती, अर्थात काम प्रत्यक्षात पार पडणे. जुळणी सुधारली की हा भाग वाढतो, बिघडली की आकसतो. व्यक्तीच्या वर्तुळात शरीर, बुद्धी व भावना यांबरोबर तिची श्रद्धा आणि जीवनाला अर्थ देणाऱ्या गोष्टीही धरतात. परिसरात भिंती व जिने येतात, तसेच घरची माणसे, रीतिरिवाज, पैसा आणि शासनाचे नियमही येतात. उपचारकाच्या दृष्टीने यातून निघणारा मुद्दा महत्त्वाचा आहे : शरीर पूर्ववत होत नसेल तेथेही उरलेली दोन वर्तुळे हलवता येतात.

विळीवर भाजी चिरण्याचे काम या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. विळीचा पाट पायाखाली दाबला जातो, पाते स्थिर राहते आणि भाजी हलते. सुरीच्या बाबतीत नेमके याच्या उलट. अर्धांगवायूने एक हात निकामी झालेल्या बाईला स्थिर पाते सोयीचे पडू शकते, कारण दुधीचा तुकडा एका हातानेही पात्यावर दाबता येतो. परंतु त्याच आजाराने दुबळा झालेला पाय विळीजवळ जमिनीवर बसू देत नाही, आणि बसता आले तरी उठू देत नाही. विळी ओट्यावर शिकंज्याने घट्ट बसवून समोर उंच स्टूल ठेवले तर ही अडचण बरीच कमी होते. मात्र आघात मेंदूच्या उजव्या अर्ध्या भागावर झाला असेल आणि डाव्या बाजूचे भानच हरपले असेल, तर उघडे पाते धोक्याचे ठरते व हा उपाय सोडावा लागतो. शरीर, मन आणि जागा यांपैकी एकाचेच मोजमाप घेऊन हा निर्णय करता येत नाही. शिवाय सुनेने प्रेमाने म्हटलेले “आई, तुम्ही बसा, मी करते” हेही परिसराचाच भाग आहे. ओट्याची उंची बदलणे सोपे, हे वाक्य बदलणे कठीण.

व्यक्ती आणि परिसर यांना वेगवेगळी वर्तुळे देण्यावरच पुढे आक्षेप घेतला गेला. व्हर्जिनिया डिकी, मॅल्कम कचिन व रूथ हम्फ्री यांनी २००६ मध्ये जॉन ड्युई यांच्या तत्त्वज्ञानाचा आधार घेऊन, माणूस आधी वेगळा असतो आणि मग परिसराशी संबंध जोडतो ही कल्पनाच व्यक्तिवादी आहे असे प्रतिपादन केले. त्याच वर्षी ग्रंथरूपाने आलेल्या मायकेल इवामा यांच्या जपानी पार्श्वभूमीच्या ‘कावा’ म्हणजे नदी प्रारूपात व्यक्तीला केंद्रस्थान नाही. तत्त्वतः हे आक्षेप वजनदार आहेत, आणि एकत्र कुटुंबाच्या घरात त्यांचे महत्त्व विशेष जाणवते. तरीही रुग्णाच्या घरी जाऊन काय बदलावे हे ठरवताना तीन वर्तुळांची मांडणी अधिक हाताशी येते.

भारतात या शास्त्राचे शिक्षण मुंबईत सुरू झाले. अमेरिकेत जन्मलेल्या कमला निंबकर यांच्या पुढाकाराने १९५० मध्ये के. ई. एम. रुग्णालयात व्यवसायोपचाराची शाळा निघाली. ती आशियातील पहिली असे सामान्यतः सांगितले जाते. पुढे या विषयाची चौकट आणि मोजपट्ट्या बहुतांशी पाश्चात्त्य राहिल्या. रुग्ण रोजची कामे कितपत स्वतः करू शकतो याला गुण देणाऱ्या, १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणि आजही सर्रास वापरल्या जाणाऱ्या बार्थेल निर्देशांकाच्या दहा बाबींत खुर्ची, पलंग, शौचालय आणि जिना आहेत. जमिनीवर मांडी घालून बसणे आणि तेथून उठणे नाही. ज्या घरात जेवण पाटावर, अंघोळ मोरीत आणि शौचास उकिडवे बसून होते, तेथे पूर्ण गुण मिळवलेला रुग्णही पंगतीतून एकटा उठू शकत नाही असे घडते. म्हणून रुग्ण घरी कोठे व कसा बसतो, मोरीचा कठडा किती उंच आहे आणि उंबरठा ओलांडताना धरायला काय आहे, हे उपचारकाला त्या तक्त्याबाहेर वेगळे विचारावे लागते.