मुक्तस्रोत सॉफ्टवेअर आणि छोट्या व्यवसायांची संगणक सुरक्षा (नागपूर)

ज्याची मूळ संहिता (सोर्स कोड) कोणालाही वाचता, बदलता आणि पुढे वाटता येते ते मुक्तस्रोत सॉफ्टवेअर. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जाहीर केलेला, मुक्त संगणक प्रणाली घडवण्याचा ग्नू प्रकल्प आणि लिनस टॉरव्हाल्ड्स यांचे १९९१ मधील लिनक्स (अशा प्रणालीचा गाभा) यांवर आजची बरीच मुक्त प्रणाली उभी आहे. ‘ओपन सोर्स’ हे नाव मात्र १९९८ चे. मुक्त म्हणजे फुकट नव्हे, असे जाणकार बजावतात. पण इतवारीतल्या दुकानदाराला ते आधी फुकट म्हणूनच भेटते, आणि त्यात गैर काही नाही.

इतवारीचा किराणा नि सराफा, गांधीबागचे कापड, कळमन्याची आडत, हिंगणा-बुटीबोरीचे लहान कारखाने: अशा धंद्यांत अनेकदा एकाच संगणकावर हिशेब, जीएसटीची बिले, व्हॉट्सॲप आणि बँकेचे व्यवहार चालतात. तो बिघडला की ओळखीचा पोरगा येतो, फॉरमॅट मारतो आणि ‘क्रॅक’ म्हणजे परवान्याचे कुलूप तोडलेले, चोरीचे विंडोज टाकून जातो. धोका इथूनच शिरतो. क्रॅकसोबत काय आले हे कोणी तपासत नाही, आणि चोरी पकडली जाऊ नये म्हणून अपडेट बंद ठेवले जातात. १२ मे २०१७ रोजी जगभर पसरलेल्या वॉनाक्राय या खंडणीखोर विषाणूने (फायलींना कुलूप लावून पैसे मागणाऱ्या रॅन्समवेअरने) ज्या फटीतून शिरकाव केला, ती बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी ती घेतली नव्हती ते सापडले. विंडोज १० चा नियमित आधारही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. जुन्या यंत्रावर उबुंटू किंवा लिनक्स मिंट यांसारखी लिनक्सवर आधारित प्रणाली टाकली तर निदान अपडेट उजळ माथ्याने घेता येतात. मुक्तस्रोताचा छोट्या धंद्याला होणारा सर्वांत मोठा फायदा हाच म्हणावा लागेल.

संहिता उघडी असली म्हणजे ती सुरक्षितच असते असे नाही. इंटरनेटवरची देवाणघेवाण सांकेतिक करणाऱ्या ओपनएसएसएल या मुक्तस्रोत साधनातील ‘हार्टब्लीड’ हा दोष २०१४ मध्ये उघड झाला, तोवर तो सुमारे दोन वर्षे सर्वांच्या डोळ्यांसमोर होता. २०२४ मध्ये एक्सझेड या फायली आकुंचित करणाऱ्या मुक्तस्रोत साधनात मुद्दाम पेरलेले चोरदार (गुपचूप शिरण्याची वाट) आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याच्या हाती लागले ते लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, या कुतूहलातून.

अडचणी व्यवहारातल्या आहेत. टॅली हे हिशेबाचे सॉफ्टवेअर विंडोजसाठीच बनते, आणि हिशेबनीस टॅली सोडायला तयार नसतो. त्यामुळे पूर्ण बदलाऐवजी मिश्र वाट सोयीची पडते: पत्रव्यवहाराला लिबरऑफिस, पासवर्ड जपायला कीपास, आणि टॅलीपुरते परवान्याचे विंडोज. जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फॉन्टांतली पत्रे मात्र आधी रूपांतरित करावी लागतात. एरवी फॉन्ट नसलेल्या यंत्रावर अक्षरांचा नुसता कचरा दिसतो.

बॅकअपला मुक्तस्रोत-बंदिस्त असा भेद नाही. हिशेबाची प्रत असलेली डिस्क संगणकाला कायम जोडलेली असेल, तर खंडणीखोर विषाणू तिलाही कुलूप लावतो. पत्र्याच्या छताखालच्या ड्रॉवरमध्ये ठेवली तर नागपूरचा मे महिना तिची परीक्षा पाहतो. म्हणून एक प्रत घरी नेण्याची पद्धत बरी.

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संगणक सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ठरावीक सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवाव्या लागतात. लघुउद्योगांना अंमलबजावणीसाठी २५ सप्टेंबर २०२२ पर्यंत मुदत मिळाली होती. पैसे गेले असल्यास १९३० हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे.