शाळेच्या वेळेलाच थंडी जास्त का?

डिसेंबर अर्धा सरला की शाळांच्या पालक-ग्रुपवर सूचना यायला लागतात. मुलांना स्वेटर-कानटोपी घालून पाठवा, बाटलीत कोमट पाणी द्या, स्वेटरवर आतल्या बाजूला नाव लिहा, थंडी ओसरेपर्यंत परिपाठ मैदानाऐवजी वर्गात होईल. इथवर सगळं ठीक. मग त्याखाली कुणीतरी उत्साही पालक तो मेसेज टाकतात: उद्या पहाटे ५ वाजून २७ मिनिटांपासून 'अल्फेलियन' सुरू होतंय, पृथ्वी सूर्यापासून ६६ टक्के लांब जाणार, ऑगस्टपर्यंत कडाक्याची थंडी, सर्दी-खोकल्यापासून मुलांना जपा. त्याखाली हात जोडलेल्या चित्रांची रांग.

हा मेसेज गेली काही वर्षं फिरतोय आणि त्यातलं ५.२७ बदलण्याचीसुद्धा कुणी तसदी घेत नाही. मूळ शब्द 'अपहेलियन', म्हणजे अपसूर्य बिंदू. पृथ्वी सूर्यापासून सर्वांत दूर असते तो क्षण, आणि तो येतो जुलैच्या सुरुवातीला. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, आपली मुलं कुडकुडत रिक्षाची वाट बघत असतात तेव्हा, पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते! जवळचं अंतर सुमारे १४.७ कोटी किलोमीटर, दूरचं सुमारे १५.२ कोटी. फरक जेमतेम साडेतीन टक्क्यांचा. थंडी येते ती पृथ्वीचा आस कललेला असल्यामुळे, अंतरामुळे नाही, हे शाळेच्या भूगोलात शिकूनही आपण तो मेसेज पुढे पाठवतो ते पाठवतोच.

पण त्या शाळेच्या सूचनेत एक खरा, गमतीदार प्रश्न दडलेला आहे. दिवसातली सगळ्यात जास्त थंडी नेमकी कधी असते? बहुतेक जण मध्यरात्र म्हणतील, काही जण पहाटे चार म्हणतील. आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असेल तर बरोबर उत्तर आहे: सूर्य उगवल्यानंतर. साधारण अर्ध्या तासाने, कधी त्याच्या थोडं अलीकडे-पलीकडे. जानेवारीच्या मध्यात पुण्यात सूर्य उगवतो सात वाजून नऊ-दहा मिनिटांनी. म्हणजे तापमानाचा तळ येतो साडेसातच्या आसपास, नेमक्या सकाळच्या शाळांच्या प्रार्थनेच्या वेळी.

असं का व्हावं? उजाडल्यावर तरी ऊब यायला हवी ना?

प्रत्येक वस्तू आपल्या तापमानानुसार सतत किरण बाहेर टाकत असते. तापलेला तवा लाल होईपर्यंत ते डोळ्यांना दिसत नाही, पण जमीन, झाडं, कौलं, आपली कातडी, सगळ्यांतून अवरक्त किरण चोवीस तास बाहेर पडत असतात. १० अंश सेल्सियसला असलेल्या जमिनीचा एक चौरस मीटर तुकडा घेतला, तर त्यातून सुमारे ३६० वॅट इतकी ऊर्जा बाहेर जात असते. हे ऐकायला खूप वाटतं, पण वरचं आकाशही, म्हणजे त्यातली हवा आणि बाष्प, खाली किरण पाठवतच असतं. कोरड्या, निरभ्र रात्री ही परतफेड ढोबळमानाने २७०-२८० वॅटची असते. राहिली तूट ८०-९० वॅटची. ती भरून निघते जमिनीने दिवसभर साठवलेल्या उष्णतेतून. म्हणजे रात्रभर खात्यात जमा कमी आणि खर्च जास्त, आणि शिल्लक, अर्थात तापमान, उतरत चाललेलं.

आता सूर्य उगवला. पण उगवल्यावर वीस-पंचवीस मिनिटांत तो क्षितिजापासून जेमतेम ५ अंश वर येतो. त्याचे किरण जमिनीवर इतके तिरके पडतात, आणि वाटेत इतकी हवा ओलांडून येतात, की चौरस मीटरमागे थोडेच वॅट जमा होतात. तूट अजून आहेच! जमा सुरू झाली म्हणून शिल्लक वाढत नाही; जमा खर्चापेक्षा जास्त झाली की वाढते. ती वेळ येईपर्यंत ऊन पडलेली जमीनही थंडच होत राहते. हाच हिशेब उलटा लावला की दिवसाचं सर्वाधिक तापमान बाराला न येता दुपारी दोन-तीनला का येतं, तेही कळतं.

यातला मला सर्वांत आवडणारा भाग पुढे आहे. आकाश परतफेड कमी का करतं? जमिनीतून निघणारे किरण वेगवेगळ्या तरंगलांबींचे असतात. १० अंशांच्या आसपासच्या वस्तूचा जोर १० मायक्रोमीटर तरंगलांबीपाशी सर्वाधिक असतो (एक मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). हवेतला नायट्रोजन आणि ऑक्सिजन या किरणांना जवळपास अडवतच नाहीत. अडवतं ते बाष्प आणि कार्बन डायऑक्साइड. पण कार्बन डायऑक्साइड मुख्यतः १५ मायक्रोमीटरच्या आसपास अडवतो आणि बाष्प त्याच्याही पलीकडे आणि ७ मायक्रोमीटरच्या अलीकडे. मधे, साधारण ८ ते १३ मायक्रोमीटरच्या पट्ट्यात, दोघांचाही पहारा ढिला. याला वातावरणाची खिडकी म्हणतात. आणि आपल्या जमिनीचा सर्वाधिक जोर नेमका त्या खिडकीतच येतो. निरभ्र रात्री जमीन या खिडकीतून थेट अंतराळाकडे उष्णता फेकत असते.

ढग आले की खिडकी बंद. ढगातले पाण्याचे थेंब सगळ्याच तरंगलांबी शोषतात आणि परत खाली पाठवतात, म्हणून ढगाळ रात्री थंडी 'गायब' होते आणि वर्तमानपत्रं तशा बातम्याही देतात. हवेत नुसती आर्द्रता जास्त असली तरी खिडकी किलकिली होते. मुंबईत किमान तापमान १६-१८ अंशांवर रेंगाळतं आणि सरळ रेषेत दीड-दोनशे किलोमीटरवरचं निफाड ५-६ अंशांवर उतरतं, त्याचं मोठं कारण हेच: समुद्राकाठची दमट हवा आणि गोदाकाठची कोरडी हवा. दुपारी मात्र तेच निफाड पंचवीस अंशांच्या पुढे जातं.

जमिनीचा हा खर्च किती खरा आहे, हे महाबळेश्वरला दिसतं. दर हिवाळ्यात बातमी येते की वेण्णा तलावाच्या परिसरात दवबिंदू गोठले. फोटोत जीपच्या टपावर बर्फाचा पातळ पापुद्रा आणि पर्यटकांच्या हातात त्याची खरवड. त्याच दिवशीचं महाबळेश्वरचं अधिकृत तापमान बघावं तर आठ-दहा अंश! मग बर्फ कुठून? कोणीही खोटं बोलत नाही. अधिकृत तापमापक जमिनीपासून चारेक फूट उंचीवर, झडपांच्या पांढऱ्या पेटीत, सावलीत असतो. तो हवेचं तापमान सांगतो. जीपचा टप हा पातळ पत्रा. खाली साठवलेली उष्णता नाही, वर मोकळं आकाश. तो हवेपेक्षा कितीतरी जास्त थंड होतो. शिवाय तलाव खोलगट भागात. थंड झालेली हवा जड होते, उतारावरून ओघळत खाली जाते आणि तिथे साचते.

म्हणजे हिवाळी पहाटे आपला नेहमीचा नियम उलटतो. एरवी उंच जावं तसं थंड. इथे जमिनीलगत सर्वांत थंड आणि वर थोडं उबदार. हवामानशास्त्रात याला तापमान व्युत्क्रम म्हणतात. पुण्याच्या किमान तापमानाच्या रोजच्या यादीत डोंगरावरचं लवळे बऱ्याचदा शिवाजीनगरपेक्षा उबदार दिसतं, ते यामुळेच. (मगरपट्टाही उबदार दिसतो, पण तिथे कारण काँक्रीटचं.) नाशिक-निफाडकडचे द्राक्षबागायतदार पारा फारच उतरला की पहाटे बागेत शेकोट्या करतात आणि ठिबकने पाणी सोडतात, ओल्या मातीत उष्णता जास्त साठते आणि खालून लवकर वर येते, हे त्यांना अनुभवाने ठाऊक आहे.

या उलट्या थरांना एक वाईट बाजू आहे. खालची हवा थंड आणि जड, वरची हलकी, त्यामुळे उभी घुसळण थांबते. चौकातल्या शेकोटीचा धूर सरळ वर न जाता माणसाच्या उंचीवर आडवा पसरलेला तुम्ही पाहिला असेल. शाळेच्या फाटकासमोर इंजिन चालू ठेवून उभ्या असलेल्या बसचा, पेटवलेल्या पालापाचोळ्याचा, सगळ्यांचा धूर त्याच पातळ थरात अडकतो. ऊन चढून जमीन तापली की तो थर मोडतो आणि धूर वर जातो. तोपर्यंत पहिले दोन तास झालेले असतात. स्वेटरच्या सूचनेसोबत 'बसचं इंजिन बंद ठेवा' अशीही एक ओळ शाळांनी टाकावी, असं मला फार वाटतं.

आता एक थोडं किचकट. ज्यांना कंटाळा येईल त्यांनी हा परिच्छेद ओलांडावा. सर्वांत लहान दिवस २१-२२ डिसेंबरचा, म्हणून सर्वांत उशिरा उजाडतं तेही तेव्हाच, असं आपण धरून चालतो. पण आपल्याकडे सूर्योदय उशिरात उशिरा होतो जानेवारीच्या मध्यात. आणि सूर्यास्त लवकरात लवकर होतो तो नोव्हेंबरच्या अखेरीस. कारण सूर्य घड्याळ पाळत नाही. एका दिवशी सूर्य डोक्यावर आल्यापासून दुसऱ्या दिवशी पुन्हा येईपर्यंतचा काळ वर्षभर बदलतो. डिसेंबरच्या शेवटी तो २४ तास आणि वर सुमारे ३० सेकंद असतो. यातला मोठा वाटा पृथ्वीच्या कललेल्या आसाचा. लहान वाटा वेगाचा: जानेवारीत पृथ्वी सूर्याजवळ असल्याने जोरात पळते, सेकंदाला सुमारे ३०.३ किलोमीटर, जुलैत २९.३. ती पुढे सरकलेली असल्याने सूर्य पुन्हा माथ्यावर यायला तिला स्वतःभोवती थोडं जास्त फिरावं लागतं. थोडक्यात, रोजची दुपार घड्याळात अर्धा मिनिट पुढे ढकलली जाते आणि सूर्योदय-सूर्यास्त दोघांना सोबत ओढते. २२ डिसेंबरनंतर दिवस मोठा होतो खरा, पण आपल्या अक्षांशांवर सुरुवातीला रोज काही सेकंदांनीच. तेवढ्याने सकाळ अलीकडे येत नाही. संक्रांतीनंतर दिवस तिळातिळाने वाढतो म्हणतात, ते खगोलाच्या दृष्टीने तीन आठवडे उशिराचं आहे. पण सकाळच्या शाळेला जाणाऱ्या मुलासाठी बरोब्बर आहे. आणि 'अल्फेलियन'वाल्यांना सांगायचं तर, पृथ्वीच्या अंतराचा मुलांच्या सकाळवर परिणाम होतो तो इतकाच, रोज काही सेकंदांचा.

फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय काढला. मुख्य कारण होतं मुलांची अपुरी झोप. दोन अधिवेशनांत चालणाऱ्या शाळा, बसच्या फेऱ्या, नोकरी करणारे आईवडील, यांमुळे तो सगळीकडे सारखा लागू झालेला नाही. झोपेचा मुद्दा बालरोगतज्ज्ञांवर सोडतो. पण हवेच्या हिशेबाने साडेसात आणि नऊ यांत फार मोठं अंतर आहे: निरभ्र दिवशी नऊपर्यंत पारा चार-पाच अंश वर आलेला असतो आणि धुराचा थरही सुटायला लागलेला असतो.

आता कपड्यांचं. स्वेटर ऊब निर्माण करत नाही, तो अंगाजवळची हवा अडवून धरतो. म्हणून एका जाड स्वेटरपेक्षा दोन पातळ थर चांगले, आणि दुपारी तीस अंशांत एक काढूनही ठेवता येतो. मोठ्यांपेक्षा लहान मुलांचं वजनाच्या मानाने अंगाचं क्षेत्रफळ जास्त, त्यामुळे ती लवकर गार पडतात. सर्वांत वाईट जागा म्हणजे स्कूटरवर पुढे उभं राहणं. हवा १० अंश आणि गाडीचा वेग ताशी ४० किलोमीटर असेल, तर उघड्या चेहऱ्याला ती थंडी सुमारे ६ अंशांसारखी लागते. वारा अंगाजवळचा उबदार थर उडवून नेतो म्हणून. वडिलांचं जाड जाकीट, मागे बसलेल्या आईची शाल आणि पुढे वारा अडवणारं चार वर्षांचं पोर, हे दृश्य रोज दिसतं. त्याला मागे, दोघांच्या मधे बसवावं हे बरं असं म्हणणार होतो, पण तिघं एका स्कूटरवर बसणंही नियमात नाही. निदान पुढून वारा न शिरणारं जाकीट घाला; विणलेल्या स्वेटरमधून वारा आरपार जातो.

केळं आणि दही डब्यात देऊ नका, सर्दी होते, अशी सूचनाही काही शाळा काढतात. सर्दी विषाणूंमुळे होते आणि केळ्यात ते नसतात. दारं-खिडक्या घट्ट लावून चाळीस मुलं एका वर्गात बसवली की ते एकाकडून दुसऱ्याकडे जातात. थंडीत एखादी खिडकी उघडी ठेवणं बाईंना नको वाटतं हे समजतं, पण डब्यातलं केळं बंद करण्यापेक्षा तिचा उपयोग जास्त. घरी मात्र एक गोष्ट अजिबात करू नये: रात्री कोळशाची शेगडी पेटवून दार-खिडकी लावून झोपणं. अर्धवट जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि झोपलेल्या माणसाला तो जागही येऊ देत नाही.