महिला इतिहास महिना : सुरुवात एका काउंटीच्या शाळांतून

अमेरिकेत मार्च महिना ‘महिला इतिहास महिना’ म्हणून पाळला जातो. हे वॉशिंग्टनमध्ये बसून कुणी ठरवलं असेल, असा अनेकांचा समज असतो. पण ही कल्पना आली कॅलिफोर्नियातल्या सोनोमा काउंटीतून (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा विभाग), तीही शाळांच्या निमित्तानं.

१९७२ साली शिक्षणातल्या लिंगभेदाला मनाई करणारा ‘टायटल नाइन’ कायदा अमेरिकेत लागू झाला. कायदा आला, तरी इतिहासाच्या पुस्तकांत बायका शोधूनही सापडत नव्हत्या. मॉली मर्फी मॅकग्रेगर तेव्हा शिक्षिका होत्या. ‘महिला चळवळ म्हणजे काय?’ असं एका विद्यार्थ्यानं वर्गात विचारलं आणि त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. पुढे काउंटीच्या महिला आयोगाच्या शिक्षणविषयक गटात त्या काम करू लागल्या आणि १९७८ मध्ये या गटानं ‘महिला इतिहास सप्ताह’ आखला. ८ मार्चचा आंतरराष्ट्रीय महिला दिन त्यात येईल असाच आठवडा त्यांनी निवडला.

मला या सप्ताहातली सगळ्यात मोलाची वाटते ती त्याची पद्धत. दूरच्या थोर स्त्रियांच्या तसबिरी भिंतीवर लावून हा गट थांबला नाही. शंभराहून अधिक स्थानिक स्त्रिया शाळाशाळांत जाऊन मुलांशी बोलल्या. निबंधस्पर्धेचा विषय होता ‘खरी स्त्री’, आणि तिला शेकडो निबंध आले. शेवटच्या दिवशी सांता रोसा शहराच्या मध्यभागातून मिरवणूक निघाली. आपल्याच गावातली बाई इतिहासाचा भाग असू शकते, हे मुलांना पुस्तकाबाहेर, समोर दिसलं.

पुढच्याच वर्षी सारा लॉरेन्स कॉलेजात महिला इतिहासावर एक उन्हाळी शिबिर भरलं. त्याच्या प्रमुख होत्या इतिहासकार गर्डा लर्नर. व्हिएन्नात जन्मलेल्या, नाझींच्या छळातून निसटून अमेरिकेत आलेल्या लर्नर यांनी याच कॉलेजात १९७२ मध्ये महिला इतिहासाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला होता. शिबिराला देशभरातल्या महिला संघटनांच्या नेत्या आल्या होत्या. मॅकग्रेगर यांनी तिथे सोनोमाचा अनुभव सांगितला, आणि आपापल्या गावी असाच सप्ताह करायचं ठरवून त्या नेत्या परतल्या. १९८० मध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी राष्ट्रीय सप्ताह जाहीर केला. १९८१ मध्ये काँग्रेसनं, म्हणजे अमेरिकेच्या संसदेनं, तसा ठराव केला आणि १९८७ मध्ये सप्ताहाचा महिना झाला.

पण गावातल्या बाईची गोष्ट सांगायची, तर तिचे कागद कुठेतरी जपलेले हवेत. ही अडचण सोनोमाच्या कितीतरी आधी इतिहासकार मेरी बिअर्ड यांनी ओळखली होती. १९३५ मध्ये शांततावादी रोझिका श्विमर यांच्या कल्पनेतून न्यूयॉर्कमध्ये स्त्रियांच्या कागदपत्रांचं जागतिक केंद्र उभारायचं काम सुरू झालं आणि बिअर्ड यांनी ते अंगावर घेतलं. कागद नाहीत तर इतिहास नाही, हे त्यांचं ब्रीद. पत्रं, रोजनिशा, संस्थांच्या कामाची टिपणं, सगळं त्यांना हवं होतं. पण पैसा उभा राहिला नाही, वर युद्धाची छाया, आणि १९४० मध्ये केंद्र बंद पडलं.

तरी ती मेहनत वाया गेली नाही. स्मिथ कॉलेजात १९४२ पासून स्त्रियांच्या कागदपत्रांचा मोठा संग्रह उभा राहू लागला, आणि बिअर्ड यांचा त्याला पाठिंबा होता. १९४३ मध्ये रॅडक्लिफ कॉलेजला तिथल्याच माजी विद्यार्थिनी मॉड वुड पार्क यांनी स्त्रियांच्या मताधिकार चळवळीतले आपले कागद दिले. आजचं श्लेसिंजर ग्रंथालय त्यातूनच वाढलं. मोठ्या पुढाऱ्यांच्या कागदांबरोबर तिथे नाव नसलेल्या बायकांच्या रोजनिशा आहेत, घरगुती पत्रं आहेत आणि स्वयंपाकाची हजारो पुस्तकंही आहेत.