वेड पांघरलेलं क्रियाविशेषण

‘इंग्रजी लिखाण सुधारायचंय? ॲडव्हर्ब खोडा.’ हा सल्ला हल्ली कुठेही मिळतो. खोडणारे बहुतेक वेळा शेवटचं ‘-ली’ शोधतात. त्यात ‘फ्रेंडली’ फुकट मरतो, कारण तो विशेषण आहे; आणि ‘सून’, ‘नेव्हर’, ‘ऑफन’ हे अस्सल ॲडव्हर्ब सहीसलामत निसटतात.

ॲडव्हर्बची, म्हणजे क्रियाविशेषणाची, शाळेतली व्याख्या सगळ्यांना पाठ असते: क्रियापद, विशेषण किंवा दुसऱ्या क्रियाविशेषणाबद्दल जास्त माहिती देणारा शब्द. ती चूक नाही, पण अपुरी आहे. खरी गंमत जागेत आहे.

‘ही आन्सर्ड स्टुपिडली.’ म्हणजे उत्तर बावळट होतं. ‘स्टुपिडली, ही आन्सर्ड.’ इथे उत्तर अगदी अचूकही असेल. मुळात तोंड उघडलं हाच गाढवपणा. शब्द तेच तीन. आता नकार घालून बघा. ‘ही डिडन्ट आन्सर स्टुपिडली’: उत्तर दिलं, पण बावळटासारखं नाही. ‘स्टुपिडली, ही डिडन्ट आन्सर’: उत्तर दिलंच नाही, आणि तिथेच चुकला. पहिल्या वाक्यात नकार ॲडव्हर्बला गिळतो, दुसऱ्यात ॲडव्हर्ब नकारासकट अख्ख्या वाक्यावर बसतो.

म्हणजे वाक्याला थर असतात. सगळ्यात आत क्रियेची रीत, त्याबाहेर कर्त्याच्या वागण्यावरचा शेरा, आणखी बाहेर बोलणाऱ्याची खात्री. ‘ही प्रॉबब्ली क्लेव्हर्ली आन्सर्ड स्टुपिडली’ यात तिन्ही आहेत. गडी बहुधा वेड पांघरून पेडगावला गेला! हुशारी आणि बावळटपणा एकाच वाक्यात नांदतात, कारण त्यांचे थर वेगळे. पण ‘क्लेव्हर्ली प्रॉबब्ली’ म्हणा, इंग्रजी कानाला लगेच खटकतं.

का? इटालियन भाषाशास्त्रज्ञ गुलिएल्मो चिंक्वे यांनी १९९९ मध्ये मांडलं की असे तीसेक थर सगळ्या भाषांत ठरलेल्या क्रमानेच रचलेले असतात. थॉमस अर्न्स्ट यांनी २००२ मध्ये त्याला विरोध केला: क्रम वेगळा ठरवायला नको, तो अर्थातूनच येतो. शक्यता विधानाची असते, हुशारी घटनेतली. विधानाच्या पोटात घटना मावते, घटनेच्या पोटात विधान मावत नाही. मला अर्न्स्ट जास्त पटतात. तीस कप्पे जन्मजात मानायला जरा जड जातं.

बाहेरच्या थराचा सगळ्यात जास्त छळ झाला तो ‘होपफुली’च्या रूपात. ‘आशा आहे की’ या अर्थाने तो वाक्याच्या सुरुवातीला नको, म्हणून शुद्धतावादी कित्येक वर्षं हटून बसले. त्याच जागी बसणाऱ्या ‘फ्रँकली’ला मात्र कोणी हटकलं नाही. असोसिएटेड प्रेस या अमेरिकी वृत्तसंस्थेच्या शैलीपुस्तिकेने अखेर २०१२ मध्ये ‘होपफुली’वरची बंदी उठवली.