संयम व घुटमळ (अमेरिकन फुटबॉल)

चेंडू हाती आल्यावर रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा खेळाडू) आपल्या ब्लॉकरांच्या, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांना अडवून वाट करून देणाऱ्या सहकाऱ्यांच्या, मागे वेग आवरतो. या थांबण्याला संयम म्हणावे की घुटमळ, हा प्रशिक्षक व समीक्षकांमधील जुना वाद आहे. संयमात पाय हलते राहतात, खांदे बहुधा स्क्रिमेज रेषेला (डाव जिथून सुरू होतो त्या रेषेला) समांतर असतात आणि नजर लाइनबॅकरवर, म्हणजे बचावाच्या पहिल्या फळीमागील खेळाडूवर, असते. लाइनबॅकर एका बाजूस झुकला की बॅक दुसऱ्या बाजूच्या फटीत शिरतो. फट उघडूनही पाय जागीच नाचत राहिले, तर ती घुटमळ.

तंत्राच्या उगमाबद्दल एकमत नाही. काही जण तो विन्स लोम्बार्डी यांच्या ग्रीन बे पॅकर्सच्या (१९५९–६७) स्वीप डावात (मैदानाच्या कडेकडे धावण्याच्या डावात) पाहतात. त्यात जेरी क्रेमर व फझी थर्स्टन हे गार्ड (पुढच्या फळीतील ब्लॉकर) रेषेतून बाहेर पडून पुढे धावत आणि चेंडू घेऊन धावणारे पॉल हॉर्नंग त्यांच्या ब्लॉकचा रोख पाहून वळत. बचावाची सरकती हालचाल वाचून फट निवडण्याचे आजचे तंत्र मात्र झोन ब्लॉकिंगशी (ठरावीक खेळाडूऐवजी ठरावीक जागा अडवण्याच्या पद्धतीशी) जोडणे अधिक सयुक्तिक वाटते. त्याचे श्रेय बहुधा डेन्व्हर ब्रॉन्कोसचे ब्लॉकरांचे प्रशिक्षक अ‍ॅलेक्स गिब्स यांना दिले जाते. तथापि प्रशिक्षक जिम मॅकनॅली सिनसिनाटी बेंगल्सकडे १९८० च्या दशकातच त्याचे प्रकार वापरत होते. शिवाय गिब्स यांची शिकवण रेंगाळण्याला धार्जिणी नव्हती: दिशा एकदाच बदलायची आणि निघायचे. ब्रॉन्कोसचे रनिंग बॅक टेरेल डेव्हिस यांनी १९९८ मध्ये याच पद्धतीत २,००८ यार्ड मिळवले.

संयमाचे ठळक उदाहरण म्हणून पिट्सबर्ग स्टीलर्सचे लेव्हियॉन बेल यांचे नाव घेतले जाते. रेषेमागे ते जवळजवळ उभेच राहत. २०१६ मध्ये १२ सामन्यांत त्यांनी १,२६८ यार्ड, म्हणजे प्रत्येक धावेमागे ४.९ यार्ड काढले. २०१८ चा हंगाम ते करारवादामुळे खेळले नाहीत. पुढल्या वर्षी न्यूयॉर्क जेट्सकडून ही सरासरी ३.२ वर आली आणि त्याच शैलीवर घुटमळीचा ठपका बसला. कमकुवत ब्लॉकिंग हे त्याचे मुख्य कारण दिसते, तरी वर्षभराचा खंडही विचारात घ्यावा लागतो. इंडियानापोलिस कोल्ट्सच्या ट्रेंट रिचर्डसन यांच्याबाबत (२०१३; सरासरी २.९) मतभेद कमी आहेत; समोरची फट त्यांना उशिरा दिसे, असाच बहुतेकांचा निष्कर्ष आहे.

खांद्याच्या पॅडमधील चिपमुळे रेषेमागे घालवलेला वेळ आता मोजता येतो. तो वेळ कशात गेला, हे मात्र चित्रफीत पाहूनच ठरवावे लागते.

बॅरी सँडर्स यांना कोणत्याच बाजूस बसवणे कठीण आहे. डेट्रॉइट लायन्सकडून १९९७ मध्ये २,०५३ यार्ड काढणारा हा खेळाडू अनेक धावांत रेषेच्या मागेच पकडला जाई.