विमानाची स्टेपनी

धामनोद सोडलं आणि घाट चढण्याआधी चहाला थांबलो, तेव्हा ढाब्यासमोर एक लांब ट्रेलर उभा होता. त्यावर पोलादी चौकट, चौकटीच्या बुडाशी रबराचे जाड ठोकळे, आणि वर निळ्या ताडपत्रीत गुंडाळलेलं भल्यामोठ्या पिंपासारखं काहीतरी. चालकाने सांगितलं, विमानाचं इंजिन आहे, मुंबईहून इंदूरला चाललंय, आणि गाडी हळूच चालवायची ताकीद आहे. ट्रेलरच्या पोटाखाली त्याची स्वतःची स्टेपनी साखळीने लटकत होती. इंदूरला पोहोचेपर्यंत माझ्या डोक्यात एकच विषय होता: ट्रक आपली स्टेपनी बरोबर घेऊन फिरतो, मग विमानाचं काय?

स्टेपनी हा शब्द आपण इतका घरचा केला आहे की तो एका रस्त्याच्या नावावरून आला हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. वेल्समधल्या लानेली गावातल्या स्टेपनी स्ट्रीटवर डेव्हिस बंधूंनी 1904 मध्ये मोटारीसाठी जादा चाक विकायला काढलं, त्याचं हे नाव. इंग्रज स्वतः तो शब्द विसरले, आपण मात्र एबी रोडवरच्या, म्हणजे आग्रा-मुंबई महामार्गावरच्या, प्रत्येक पंक्चरवाल्याच्या तोंडी जिवंत ठेवला.

विमानालाही एके काळी स्टेपनी होती, आणि तीही ट्रकसारखीच बाहेर लटकवलेली.

सुरुवातीला तिची गरज नव्हती. इंदूरच्या विमानतळासाठी बिजासनची जागा होळकर सरकारने 1935 मध्ये टाटा कंपनीच्या नेव्हिल विन्सेंट यांच्या सल्ल्याने ठरवली. 1932 साली जे. आर. डी. टाटांनी कराचीहून मुंबईला टपाल आणलं, ते पुढे मद्रासला नेणारे हेच विन्सेंट. इंदूरहून प्रवासी सेवा सुरू व्हायला मात्र 1948 उजाडलं. त्या काळच्या डाकोटा, म्हणजे डीसी-3 विमानाचं इंजिन पाच-सहाशे किलोंचं. एक डाकोटा कुठे अडकली, तर मालवाहू डाकोटाच्या रुंद दारातून दुसरं इंजिन आत सरकवायचं आणि निघायचं. मोठा भाग दारातून जात नसेल तरच डोकं चालवावं लागे. 1941 च्या मे महिन्यात चीनमधल्या सुइफू इथे जपानी बाँबने एका डीसी-3 चा उजवा पंख निकामी केला. सुटा पंख हाँगकाँगला होता, पण तो जुन्या डीसी-2 चा, पाच फूट आखूड. तो दुसऱ्या विमानाच्या पोटाखाली बांधून नेला, बसवला, आणि एक पंख लांब एक आखूड असं ते विमान उडून परत आलं. लोकांनी त्याचं नाव ठेवलं डीसी-अडीच.

जेट आली आणि हिशोब बदलला. बोइंग 707 च्या पोटातल्या सामानकक्षाची दारं पेट्या आणि बॅगांपुरती. इंजिन त्यातून जाणं शक्य नव्हतं. दुसरीकडे ही विमानं एका झेपेत समुद्र ओलांडू लागली होती, आणि कंपनीचा कारखाना मात्र एकाच शहरात. न्यूयॉर्कच्या कंपनीचं विमान न्यूयॉर्कला बिघडलं तर फार काही अडत नाही. सिडनी किंवा मुंबईच्या कंपनीचं विमान जगाच्या दुसऱ्या टोकाला बसलं की ते तिकडेच. ऑस्ट्रेलियाच्या क्वांटासने 1959 मध्ये 707 उडवायला घेतली, एअर इंडियाने 1960 मध्ये. चार इंजिनांच्या विमानाला तीन इंजिनांवर घरी आणता येतं, पण प्रवाशांशिवाय, म्हणजे नुसता खर्च. म्हणून दुसरा मार्ग निघाला. डाव्या पंखाखाली, विमानाचं धड आणि आतलं इंजिन यांच्यामध्ये, एक जादा खुंटी. तिला पाचवं इंजिन टांगायचं, त्याच्या तोंडावर टोपण बसवायचं, आणि नेहमीच्या प्रवाशांसकट नेहमीच्याच फेरीला निघायचं.

ते इंजिन चालत नाही, नुसतं ओझं. एका बाजूला काही टन जास्त, म्हणून पंखांतल्या टाक्यांमधलं इंधन कमीजास्त करून तोल साधायचा. वाऱ्याचा अडथळा वाढतो, वेग कमी ठेवावा लागतो, इंधन जास्त जळतं. ब्रिटिशांच्या व्हीसी-10 ची चारही इंजिनं शेपटीकडे, पंख मोकळे. तिथे ही खुंटी उजव्या पंखाच्या मुळाशी होती. मला ही व्यवस्था कायम आवडत आली आहे. मालवाहू विमान भाड्याने घेण्याऐवजी ज्या गाडीने माणसं जातायत तिलाच गाठोडं बांधून द्यायचं, हा हिशोब आपल्या कुठल्याही एसटीच्या टपावर बघायला मिळतो.

बोइंग 747 ने ही सोय पुढे चालवली, तरी इंजिनं फुगली होती. 707 चं कॉनवे इंजिन जेमतेम मीटरभर रुंद होतं, 747 च्या इंजिनाचा नुसता पंखा दोन मीटरच्या पुढे. त्यामुळे पात्यांसारखे भाग काढून वेगळे न्यावे लागत.

इथे एअर इंडियाच्या कनिष्क या 747 विमानाचा उल्लेख टाळता येत नाही. जून 1985 मध्ये एअर इंडियाच्या दुसऱ्या एका 747 चं इंजिन टोरंटोला बिघडलं. ते दुरुस्तीसाठी भारतात आणायचं होतं. 22 जूनला टोरंटोहून निघालेल्या कनिष्कच्या डाव्या पंखाखाली ते टांगलं. त्याचे सुटे भाग सामानकक्षात भरताना अडचण आली आणि उड्डाणाला दीड तासाहून जास्त उशीर झाला. दुसऱ्या दिवशी आयर्लंडजवळ विमानात बाँब फुटला, 329 माणसं गेली. न्या. कृपाल यांच्या चौकशीत कारण बाँबच ठरलं. पाचव्या इंजिनाचा त्यात काही दोष नव्हता. तरी घड्याळाचा हिशोब मांडला की अस्वस्थ व्हायला होतं. तो उशीर झाला नसता, तर बाँब फुटला त्या क्षणी विमान समुद्रावर नसतं, बहुधा लंडनला जमिनीवर असतं.

त्याच वर्षी, त्याच अटलांटिकवर, पाचव्या इंजिनाचा काळ संपवणारी गोष्टही सुरू झाली होती. फेब्रुवारी 1985 मध्ये टीडब्ल्यूए या अमेरिकन कंपनीच्या दोन इंजिनांच्या 767 ने बॉस्टन ते पॅरिस उड्डाण केलं. जवळच्या विमानतळापासून दोन तास दूर जाण्याची मुभा तिला मिळाली होती. अशी मुभा मिळवायची तर इंजिन क्वचितच बंद पडतं हे आकड्यांनी दाखवावं लागतं. इंजिनं खरोखरच भरवशाची झाली, आणि चार इंजिनांची विमानं हळूहळू घटू लागली. दोन इंजिनांच्या विमानाला जादा खुंटी कुणी ठेवलीच नाही, आणि ठेवली असती तरी 777 च्या इंजिनाला ती कशी पुरणार? त्याचा पंखा सव्वातीन मीटर, आणि बाहेरच्या आवरणासकट घेर जवळपास 737 च्या धडाएवढा.

जानेवारी 2016 मध्ये क्वांटासने तरीही एकदा जुना डाव खेळला. जोहान्सबर्गला त्यांची 747 अडकली होती. सिडनीहून जाणाऱ्या नेहमीच्या विमानाला त्यांनी पाचवं आरबी-211 इंजिन टांगलं आणि इंधनासाठी पर्थला थांबून ते पोहोचवलं. प्रवाशांनी खिडकीतून भरपूर फोटो काढले. क्वांटासची शेवटची 747 2020 च्या जुलैत निवृत्त झाली.

आता मोठं इंजिन अडलं की नाक वर उचलून तोंड उघडणारं अँतोनोव्ह-124 हे मालवाहू विमान बोलवायचं. फेब्रुवारी 2017 मध्ये स्विस विमान कंपनीची लॉस एंजेलिसला निघालेली 777 इंजिन बिघडून उत्तर कॅनडातल्या इकालुइटला उतरली, तेव्हा नवं इंजिन असंच आलं. हाडं गोठवणाऱ्या थंडीत, उघड्यावर तंबू उभारून ते बदललं. बाकी इंजिनं कंपन्या आपसांत उसनी देतात, भाड्याने घेतात.

इंदूरला येणारी विमानं बहुतेक ए-320 सारखी. त्यांचं इंजिन दोन-तीन टनांचं, त्यासाठी ट्रेलर पुरतो. वेळ मात्र आजही तशीच चढ्या भावाची. विमान एओजी झालं, म्हणजे जमिनीला खिळलं, की प्रत्येक तासाला फेऱ्या रद्द होतात. तरी चालकाने गाडी पळवायची नाही, कारण थांबलेल्या इंजिनाचे बेअरिंग एकाच जागी सारखे हादरे खाऊन आतून टोचले जातात आणि बाहेरून काही कळत नाही. चौकटीखालचे रबराचे ठोकळे त्याचसाठी. निघताना मी चालकाला विचारलं, परतीला गाडी रिकामीच का? तो हसला. बिघडलेलं इंजिन त्याच चौकटीवर, त्याच ताडपत्रीखाली मुंबईला न्यायचं होतं, आणि तेही हळूच, कारण दुरुस्त होऊन उद्या तेच कुठल्या तरी दुसऱ्या विमानाला लागणार होतं.